शेवटून पहिली की शेवटून दुसरी? एचआरटी एफ११० आणि तिचा एकच सीझन

(पॉडकास्टच्या या भागाची लिखित प्रत. बोलल्यासारखीच ठेवली आहे, फक्त थोडी साफसफाई केली आहे.)

लोकलमध्ये ऐकताय, जिममध्ये ऐकताय, की भांडी घासता घासता ऐकताय, जिथे असाल तिथे निवांत ऐका. आज एका गाडीची गोष्ट सांगायची आहे. ही गाडी फॉर्म्युला वनमध्ये एकच वर्ष धावली, २०१० साली. १९ रेस झाल्या आणि तिला एकही पॉइंट मिळाला नाही. पोडियम वगैरे तर सोडाच. नाव एचआरटी एफ११०. एचआरटी म्हणजे हिस्पानिया रेसिंग टीम, स्पेनची.

तुम्ही म्हणाल, मग हिच्यावर अख्खा एपिसोड कशाला? सांगतो.

२०१० चा सीझन संपला तेव्हाचा टीम्सचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. एकूण १२ टीम्स. वर रेड बुल, ४९८ पॉइंट्स. खाली तीन नव्या टीम्स, तिघींच्या नावापुढे शून्य. दहावी लोटस, अकरावी एचआरटी, बारावी व्हर्जिन. आता त्या वर्षी सगळ्यात हळू गाडी कुठली, असं पॅडॉकमध्ये कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं एचआरटी. तरी ती शेवटची नव्हती. शेवटून दुसरी होती. सगळ्यात हळू गाडी शेवटची कशी आली नाही, हे आज बघायचंय. आणि तसं होण्यात ज्या माणसाचा मोठा हात होता, त्याच्याशी पुढे काय झालं, तेही बघायचंय. तो माणूस आपला आहे. चेन्नईचा करुण चंडोक.

स्वस्तात एफ-वन मिळेल म्हणून

आधी ही गाडी जन्माला कशी आली ते बघू.

२००९ साल. मंदीचा काळ. होंडा आदल्या वर्षाच्या शेवटी निघून गेली होती, पुढे बीएमडब्ल्यू आणि टोयोटाही गेल्या. एफआयए म्हणजे या खेळाची जागतिक संघटना, तिचे अध्यक्ष होते मॅक्स मोस्ली. त्यांनी प्रस्ताव मांडला की टीमनं वर्षाला जास्तीत जास्त चार कोटी पौंड खर्च करायचे. खर्चाला टोपी घालायची. मग छोट्या टीम्सनाही येता येईल.

हे ऐकून नव्या टीम्सनी अर्ज केले. त्यातला एक होता आद्रियान कॅम्पोस यांचा. हे स्पेनचे, स्वतः १९८७-८८ मध्ये मिनार्डीकडून एफ-वन चालवलेले. जून २००९ मध्ये त्यांना जागा मिळाली.

आणि मग मोठ्या टीम्स भडकल्या. आम्ही आमची वेगळी स्पर्धा काढतो, इथपर्यंत गोष्ट गेली. शेवटी तडजोड झाली आणि खर्चाची ती मर्यादा रद्द झाली. म्हणजे बघा, ज्या आश्वासनावर नव्या टीम्स आत आल्या, ते आश्वासनच गेलं. जागा मात्र पदरात पडलेली. लग्नाची तारीख काढून झाली, पत्रिका वाटून झाल्या, आणि हॉलवाला म्हणतो भाडं चौपट. आता काय करणार? त्यावेळी आत आलेल्या टीम्सपैकी अमेरिकेची यूएस एफ-वन तर गाडी घेऊन ट्रॅकपर्यंत कधी पोहोचलीच नाही.

कॅम्पोस यांनी गाडी बनवायचं काम दिलं होतं इटलीच्या डलारा कंपनीला. डलारा म्हणजे रेसिंग गाड्या बनवणारं मोठं नाव. फॉर्म्युला थ्री, इंडीकार, जीपी-टू, सगळीकडे त्यांच्या गाड्या. म्हणजे कारागीर कच्चा नव्हता. अडचण पैशाची होती. पैसे थांबले की काम थांबायचं. फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे सीझन सुरू व्हायला महिना असताना, कॅम्पोस बाहेर पडले आणि होसे रामोन काराबांते या स्पॅनिश उद्योजकानं टीम ताब्यात घेतली. नाव बदललं. टीम चालवायला कॉलिन कोलेस आले. आणि ४ मार्चला गाडी जगाला दाखवली. पहिली रेस १४ मार्चला!

बहरीन : पहिली लॅप

आता हे नीट समजून घ्या. बाकीच्या टीम्स फेब्रुवारीत स्पेनमध्ये टेस्टिंग करत होत्या. एकूण १५ दिवस. व्हॅलेन्सिया, हेरेझ, बार्सिलोना. गाडी चालवायची, मोडायची, दुरुस्त करायची, आकडे गोळा करायचे. आणि सीझन सुरू झाला की टेस्टिंगला बंदी. म्हणजे जे शिकायचं ते त्या १५ दिवसांतच.

एचआरटी त्यातला एकही दिवस चालली नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसं. बहरीनच्या गॅरेजमध्ये शुक्रवारी मेकॅनिक गाड्या जोडत बसले होते.

दोन ड्रायव्हर. एक ब्रुनो सेना, आयर्टन सेनाचा भाचा. दुसरा करुण चंडोक, नारायण कार्तिकेयननंतर एफ-वनमध्ये पोहोचलेला दुसरा भारतीय. हे दोघं २००८ मध्ये जीपी-टू स्पर्धेत एकाच टीममध्ये होते, आयस्पोर्टमध्ये. म्हणजे ओळख जुनी.

सेनाची गाडी शुक्रवारी कशीबशी बाहेर पडली. चंडोकची तयारच नव्हती. शुक्रवारचे सराव गेले, शनिवार सकाळचा सराव गेला. शनिवारी दुपारी क्वालिफाइंग. म्हणजे ग्रिडवर कोण कुठे उभं राहणार, ते ठरवणारी परीक्षा. आणि चंडोक एफ११० मध्ये बसून पहिल्यांदा ट्रॅकवर आला तो थेट या परीक्षेत. या गाडीत त्यानं त्याआधी एकही लॅप मारलेली नव्हती. ब्रेक कुठे लागतो, स्टिअरिंग किती जड आहे, टायर कसे वागतात, काहीच माहीत नाही. दहावीचं पुस्तक पहिल्यांदा उघडायचं ते बोर्डाच्या हॉलमध्ये, असं समजा.

तो २४ वा आला. शेवटचा. सर्वांत वेगवान वेळेपेक्षा १० सेकंदांहून जास्त मागे. एफ-वनमध्ये दहाव्या हिश्श्या सेकंदासाठी लोक रात्र रात्र जागतात, आणि इथे पूर्ण दहा सेकंद. रविवारी रेसमध्ये दुसऱ्याच लॅपला ट्रॅकवरच्या उंचवट्यावर गाडी उसळली आणि तो बाहेर गेला. थोड्या वेळानं सेनाची गाडीही तापून बंद पडली.

सोमवारी लोकांनी काय थट्टा केली असेल ते सांगायला नको. मी मात्र त्या शनिवारकडे वेगळ्या नजरेनं बघतो. अशा गाडीत बसून, एकही चाचणी न करता, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जायचं आणि गाडी अखंड परत आणायची, याला काळीज लागतं.

इंजिन तेच, मग कमी काय होतं?

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

एफ११० मध्ये कॉसवर्थचं इंजिन होतं. २.४ लिटर, व्ही-एट. स्वस्तातलं म्हणून टाकाऊ असेल, असं वाटेल. तर तेच कॉसवर्थ इंजिन त्या वर्षी विल्यम्सकडेही होतं. आणि नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला निको हुल्केनबर्गनं त्याच इंजिनावर पोल पोझिशन मारली. ट्रॅक ओला होता, सुकत चालला होता, नशीबही होतं, सगळं मान्य. पण एकच इंजिन असलेली एक गाडी ग्रिडच्या सगळ्यात पुढे आणि दुसरी सगळ्यात मागे.

मग फरक कशाचा? हवेचा.

रेसिंग कारचे पंख विमानाच्या उलट काम करतात. विमानाचा पंख वर उचलतो, हिचा खाली दाबतो. त्याला डाउनफोर्स म्हणतात. गाडी जितकी जमिनीला दाबली जाईल तितके टायर पकड धरतात, आणि वळणावर तितका वेग टिकतो. सरळ रस्त्यावर इंजिन कामाला येतं, पण वेळ जिंकली जाते ती वळणावर. आणि डाउनफोर्स एकदाच मिळवून भागत नाही. पुढच्या विंगचा कोपरा बदल, तळाखालची हवा वळव, परत मोज, परत बदल. मोठ्या टीम्स जवळजवळ प्रत्येक रेसला नवा तुकडा घेऊन येतात. मार्चमधली रेड बुल आणि नोव्हेंबरमधली रेड बुल या नावापुरत्याच एक गाडी असतात.

एचआरटीचं काय झालं? मे महिन्यात टीमचं आणि डलाराचं फाटलं. ज्यांनी गाडी बनवली तेच बाजूला झाले. त्यानंतर गाडीत म्हणावी तशी सुधारणा झालीच नाही. बाकीचे पुढे पळत होते आणि ही मार्चमध्ये होती तिथेच उभी. म्हणजे गाडी तीच राहिली तरी दर महिन्याला ती तुलनेनं आणखी हळू होत गेली.

तेव्हा एक नियमही नव्हता. १०७ टक्क्यांचा नियम. पहिल्या फेरीतल्या सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत वेळ आली नाही तर रेसला उभंच राहता येत नाही. तो २००३ पासून बंद होता. असता, तर बहरीनमध्ये दोन्ही एचआरटी शनिवारीच घरी गेल्या असत्या.

पोहोचणं

मग ही गाडी शेवटून दुसरी आली कशी? एका कामामुळे. ती पोहोचली.

दुसरी रेस, मेलबर्न. सुरुवातीला पाऊस. एकामागून एक गाड्या बाहेर जातायत. सेना चौथ्या लॅपपर्यंत बाद. चंडोक मात्र चालवत राहिला. जेन्सन बटननं रेस जिंकली तेव्हा चंडोक त्याच्या पाच लॅप मागे होता. पाच! पण रेस पूर्ण करणाऱ्यांत तो १४ वा होता. बहरीनमध्ये अर्धवट जोडलेली गाडी दोन आठवड्यांत पूर्ण अंतर टिकली. तिसरी रेस मलेशियाची. तिथे दोन्ही गाड्या पोहोचल्या, चंडोक १५ वा, सेना १६ वा.

मग मोनॅको. शहरातले अरुंद रस्ते, दोन्हीकडे लोखंडी कठडे. रेस संपत आली असताना रास्कासच्या वळणावर लोटसच्या यार्नो त्रुल्लीनं आत घुसायचा प्रयत्न केला, आणि त्याची गाडी चंडोकच्या गाडीवर चढली. डोक्याच्या अगदी जवळून गेली. व्हिडिओ मिळेल तुम्हाला, बघा, अंगावर काटा येतो. दोघंही सुखरूप बाहेर आले. नियम असा की ९० टक्के अंतर पार केलेलं असेल तर निकालात नाव येतं. विजेत्याच्या तुलनेत बऱ्याच लॅप मागे असूनही चंडोक त्यात बसला. पुन्हा १४ वा. या अपघातामुळे सेफ्टी कार आली, आणि ती शेवटी आत गेल्यावर अखेरच्या कोपऱ्यात शूमाकरनं अलोन्सोला मागे टाकलं, ज्यावरून मोठा वाद झाला आणि शूमाकरला दंड झाला. तो वाद सगळ्यांना आठवतो. सेफ्टी कार कुणाच्या अपघातामुळे आली होती, ते कमी जणांना आठवतं.

तिसरा १४ वा क्रमांक आला कोरियात, ऑक्टोबरमध्ये. धो धो पाऊस, रेस थांबली, परत सुरू झाली, संपेपर्यंत अंधार पडत आला होता. व्हर्जिनचा तिमो ग्लॉक चांगला चालवत होता, तर सेबॅस्टियन ब्युएमीची गाडी त्याच्यावर आदळली. त्याचा जोडीदार लुकास डी ग्रासी आधीच बाहेर. रेस पूर्ण केली १५ गाड्यांनी. सेना १४ वा, यामामोटो १५ वा. दोन्ही एचआरटी.

आता हिशोब. पॉइंट सगळ्यांचे शून्य असले की कुणाचे वरचे क्रमांक जास्त वेळा आले, ते बघतात. लोटसच्या हेइक्की कोव्हालाइनेननं जपानला १२ वा क्रमांक मिळवला, म्हणून ते दहावे. व्हर्जिनचा सर्वोत्तम क्रमांक १४ वा, दोनदा. एचआरटीचा सर्वोत्तम क्रमांकही १४ वा, पण तीनदा. बस्स. एवढ्यावर अकरावं स्थान.

व्हर्जिनची गाडी वेगात बरी होती. पण तिची एक गंमत ऐका. त्या वर्षीपासून रेसच्या मध्ये इंधन भरायला बंदी आली. म्हणजे सुरुवातीलाच टाकी पूर्ण भरून निघायचं. आणि व्हर्जिनची टाकी छोटी निघाली! पूर्ण वेगानं गेलं तर रेस संपायच्या आधी इंधन संपेल, इतकी छोटी. त्यांना मध्येच मोठ्या टाकीची गाडी बनवून घ्यावी लागली. वेग आहे पण शेवटापर्यंत जायची सोय नाही, आणि दुसरीकडे वेग नाही पण सोय आहे.

खुर्ची कुणाची?

आता तीन १४ व्या क्रमांकांकडे परत बघा. मेलबर्न, मोनॅको, कोरिया. त्यातले दोन चंडोकचे.

आणि कोरियाच्या वेळी चंडोक गाडीत नव्हता.

जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला सेनाला एका रेससाठी बसवलं आणि साकोन यामामोटोला गाडी दिली. पुढच्या रेसला, जर्मनीत, सेना परत आला आणि चंडोक बाहेर. दहा रेसनंतर. नंतर काही रेस क्रिस्तियान क्लीनलाही मिळाल्या. एका सीझनमध्ये चार ड्रायव्हर. यामामोटो स्पॉन्सरचे पैसे घेऊन आला, अशी तेव्हा सगळीकडे चर्चा होती. छोट्या टीमचं गणित तसंच असतं. गाडी चालवायची तर पगार द्यायचे, टायर घ्यायचे, विमानाचं भाडं भरायचं. खुर्ची हीच त्यांच्याकडची विकण्यासारखी गोष्ट. त्यामुळे मला यात टीमला खलनायक करायचं नाही, आणि यामामोटोलाही नाही.

पण मला जे बोचतं ते सांगतो. चंडोक वाईट ड्रायव्हर होता का? जीपी-टूमध्ये त्यानं दोन रेस जिंकल्या होत्या, २००७ मध्ये स्पा आणि २००८ मध्ये हॉकेनहाइम. पण एफ-वनमध्ये तो किती वेगवान होता, हे आपल्याला कधी कळणारच नाही. कारण त्याला मोजायला पट्टीच दिली नाही. गाडी दहा सेकंद मागे असेल तर ड्रायव्हरचे दोन दशांश कुणाला दिसणार? त्यानं जे दाखवता येण्यासारखं होतं ते दाखवलं. गाडी न मोडता शेवटपर्यंत नेली. आणि शेवटच्या तक्त्यात नेमकं तेच कामाला आलं, पण तोपर्यंत त्याची खुर्ची गेली होती.

पुढच्या वर्षी त्याला एकच रेस मिळाली, जर्मनीत, टीम लोटसकडून. ऑक्टोबर २०११ मध्ये भारतात पहिली ग्रँड प्री झाली, ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर. चंडोकला तिथे शुक्रवारचा एक सराव चालवायला मिळाला. रविवारी घरच्या लोकांसमोर रेस केली ती नारायण कार्तिकेयननं. कुठल्या गाडीत? एचआरटीच्या. एफ१११, म्हणजे आपल्या गाडीची धाकटी बहीण. १७ वा आला तो.

नंतर काय झालं

एफ११० चा सीझन अबू धाबीला संपला. पुढच्या वर्षी एफ१११ आली, मूळ तीच, थोडी बदललेली. १०७ टक्क्यांचा नियमही परत आला, आणि २०११ च्या पहिल्याच रेसला, मेलबर्नमध्ये, दोन्ही एचआरटी त्यात अडकल्या. रेसला उभंच राहता आलं नाही. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला एका २२ वर्षांच्या पोरानं एचआरटीतून एफ-वनमध्ये पहिली रेस केली. डॅनियल रिकार्डो. पुढे त्यानं आठ रेस जिंकल्या. टीम मात्र २०१२ च्या शेवटी बंद झाली. व्हर्जिन आणि लोटस वेगवेगळ्या नावांनी आणखी थोडी चालली, मग त्याही गेल्या. २०१० मध्ये आलेल्या तिघींपैकी आज एकही नाही.

आणि ती खर्चाची मर्यादा? ती शेवटी आली. २०२१ मध्ये, १४ कोटी ५० लाख डॉलरची. आज एफ-वनमधल्या टीम्स चांगल्या कमावतात, त्यांच्या किमती आकाशाला भिडल्यात, आणि त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक ही मर्यादा आहे. ज्या कल्पनेवर विश्वास ठेवून कॅम्पोस यांनी अर्ज केला, ती चुकीची नव्हती. अकरा-बारा वर्षं लवकर होती. किंमत मात्र आधी आलेल्यांनी मोजली.

जाता जाता एक छान गोष्ट. २०१४ मध्ये फॉर्म्युला ई सुरू झाली, इलेक्ट्रिक गाड्यांची स्पर्धा. त्यात पहिल्या सीझनपासून आपल्या मुंबईच्या महिंद्राची टीम होती. पहिले दोन ड्रायव्हर कोण? करुण चंडोक आणि ब्रुनो सेना. बहरीनच्या त्या गॅरेजमधली जोडी पुन्हा एकत्र, आणि या वेळी गाडी वेळेवर तयार होती. चंडोक आज टीव्हीवर एफ-वन समजावून सांगतो, आणि फार छान सांगतो. पुढच्या वेळी तो मागच्या रांगेतल्या एखाद्या ड्रायव्हरबद्दल बोलला तर लक्ष देऊन ऐका. ती रांग त्याला आतून माहीत आहे.

मला विचाराल तर एफ११० वर हसायला हरकत नाही, मीही हसतो. पण पुढच्या रविवारी रेस बघताना एक करून बघा. स्क्रीनच्या डाव्या बाजूला नावांची जी यादी असते, तिच्या अगदी खालच्या दोन नावांवर पाच मिनिटं लक्ष ठेवा. कॅमेरा तिकडे जाणार नाही, तुम्ही जा. त्यांना कोण लॅप देतंय, ते बाजूला कसे होतात, आणि झेंडा पडतो तेव्हा ते अजून चालू आहेत का, एवढंच बघा.

तुमच्या आठवणीत अशी एखादी शून्य पॉइंटवाली गाडी किंवा ड्रायव्हर असेल तर मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा, हेल्मेट घाला, आणि पोहोचा.